लिंगभावावर मतं जुळत नाहीत, मैत्री मात्र हवी आहे : बोलायचं कसं?

शाळेच्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तींबद्दलची बातमी टाकतं. दहा मिनिटांत "हे सगळं परदेशी फॅड आहे" आणि "तुझ्यासारख्यांमुळेच आपण मागे आहोत" अशी दोन वाक्यं पडतात, अ‍ॅडमिन "प्लीज, विषय बदला" म्हणतो आणि रात्रीपर्यंत दोघं ग्रुप सोडून गेलेले असतात. पंचवीस वर्षांची मैत्री अशी जाते. दुःखाची गोष्ट ही, की ज्या प्रश्नावरून ती गेली, त्या प्रश्नावर कुणी धड बोललेलंच नसतं.

पुण्यात राहणाऱ्या मित्राच्या डोळ्यांसमोर सिग्नलवर टाळी वाजवणारे तृतीयपंथी असतात. न्यू जर्सीतली मैत्रीण तिच्या मुलीच्या शाळेने पाठवलेल्या पत्राबद्दल बोलत असते. डॉक्टर झालेला हार्मोनच्या उपचारांचा विचार करत असतो, तर पोहण्याचा क्लास घेणारी स्पर्धेच्या नियमांचा. चौघांचा विषय वेगळा, शब्द मात्र एकच. या विषयावर नीट बोलायचं असेल तर आमचा आग्रह एकाच गोष्टीसाठी आहे : एका वेळी एकच प्रश्न. खाली जे सांगितलं आहे ते सगळं तो एक प्रश्न हातातून निसटू नये यासाठीच. तुमचं मत कुठल्याही बाजूचं असलं तरी या पायऱ्या वापरता येतील.

पहिली पायरी : वाद कशाचा आहे ते वेगळं काढा

या विषयात निदान आठ प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. स्त्री किंवा पुरुष असणं म्हणजे काय, हा तात्त्विक प्रश्न. सरकारी कागदावर कोणती नोंद व्हावी आणि ती कुणी ठरवावी, हा कायद्याचा. माणसाला हाक कशी मारायची, हा रोजच्या वागण्याचा. स्वच्छतागृह, वसतिगृह, तुरुंग अशा स्त्रियांसाठी राखलेल्या जागांचा प्रश्न निराळा. स्पर्धात्मक खेळांचा निराळा. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या उपचारांचा आणखी निराळा. शाळेत काय शिकवावं हा सातवा. आणि घर भाड्याने न मिळणं, नोकरी नाकारली जाणं, मारहाण होणं हा आठवा. भारतात हा शेवटचा प्रश्न सगळ्यात मोठा आहे, आणि चर्चेत त्याच्यावरच सगळ्यात कमी बोललं जातं.

एखाद्याला कागदावरची नोंद माणसाने स्वतः ठरवावी हे पूर्ण मान्य असतं, पण खेळांच्या बाबतीत तो नाही म्हणतो. दुसरीला 'स्त्री' या शब्दाची नवी व्याख्या पटत नाही, पण तृतीयपंथीयांना पोलिस भरतीत जागा मिळावी असं ती ठामपणे म्हणते. अशा माणसांना एका वाक्यात 'विरोधक' किंवा 'समर्थक' ठरवलं की बोलणं तिथेच संपतं. म्हणून सुरुवातीलाच विचारा : "यातल्या नेमक्या कुठल्या गोष्टीने तू अस्वस्थ होतोस?" उत्तर आलं की तेवढाच प्रश्न धरा. तो निम्म्यावर असताना "मग तुरुंगांचं काय?" असं कुणी म्हणालं, तर "तेही बोलू, पण हे आधी संपवू" असं शांतपणे म्हणायचं. हे दोघांपैकी कुणीही म्हणू शकतं, आणि तसं आधीच ठरवून घेतलेलं बरं.

याच पायरीवर आणखी एक गफलत दूर करावी लागते. पारलिंगी, आंतरलिंगी आणि समलैंगिक हे तीन वेगळे गट आहेत. जन्माच्या वेळी नोंदवलेल्या लिंगापेक्षा ज्याची स्वतःबद्दलची जाणीव वेगळी आहे, तो पारलिंगी. ज्याच्या शरीराची लैंगिक रचनाच जन्मतः ठरावीक स्त्री-पुरुष साच्यात बसत नाही, तो आंतरलिंगी. कुणाबद्दल आकर्षण वाटतं, याच्याशी समलैंगिकतेचा संबंध. धावपटू द्युती चंदला २०१४ मध्ये शरीरात नैसर्गिकरीत्या जास्त टेस्टोस्टेरॉन असल्याच्या कारणावरून स्पर्धेतून वगळलं होतं, आणि २०१५ मध्ये क्रीडा लवादाने तो नियम स्थगित केला. हे प्रकरण पारलिंगी व्यक्तीचं नव्हतं, तरी त्या वादात ते हमखास ओढलं जातं. उदाहरण कुठल्या गटातलं आहे हे तपासल्याशिवाय त्यावर उत्तर देऊ नका. अर्धे वाद इथेच मिटतात.

दुसरी पायरी : एक तास वाचन, तेही देशानुसार

इंटरनेटवरचं बहुतेक भांडण अमेरिका आणि ब्रिटनमधलं असतं. तिथल्या बातमीवरून इथल्या माणसांबद्दल मत बनवलं, किंवा इथल्या परंपरेवरून तिथल्या शाळेबद्दल, की दोघंही चुकतात. म्हणून ठळक गोष्टी वेगवेगळ्या ठेवा.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी, 'नालसा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निकालात, तृतीयपंथीयांना कायदेशीर ओळख दिली. आपला लिंगभाव ठरवण्याचा हक्क व्यक्तीचा आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची सक्ती करता येणार नाही, असंही सांगितलं. त्यानंतर संसदेने २०१९ मध्ये कायदा केला. मंजूर झाला तेव्हाच्या मजकुरानुसार ओळखपत्रासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा, आणि शस्त्रक्रियेनंतर स्त्री किंवा पुरुष अशा बदललेल्या नोंदीसाठी पुन्हा प्रमाणपत्र घ्यायचं, अशी रचना होती. पारलिंगी समाजातूनच या तरतुदीवर मोठी टीका झाली, कारण निकालाने दिलेला हक्क कायद्याने कागदांत अडकवला असं त्यांचं म्हणणं होतं. कायद्यात आणि नियमांत बदल होत राहतात, म्हणून बोलण्याआधी आज लागू असलेला मजकूर काढून वाचा.

ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १६ एप्रिल २०२५ रोजी सांगितलं, की तिथल्या २०१० च्या समानता कायद्यात 'स्त्री' याचा अर्थ जैविक स्त्री असा आहे. त्याच निकालात, पारलिंगी व्यक्तींना भेदभावापासूनचं संरक्षण त्याच कायद्याने कायम राहतं, हेही म्हटलं आहे. एका बाजूचा मित्र पहिलं वाक्य सांगतो, दुसऱ्या बाजूचा दुसरं. दोन्ही एकत्र सांगा.

मुलांच्या उपचारांबाबत तर देशोदेशीच्या वैद्यकीय संस्थांचंच एकमत नाही. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्य सेवेने नेमलेल्या डॉ. हिलरी कॅस यांच्या २०२४ च्या अहवालाने, पौगंडावस्था थांबवणाऱ्या औषधांमागचा पुरावा कमकुवत असल्याचं म्हटलं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये असे उपचार उपलब्ध राहावेत ही आपली भूमिका कायम ठेवली. "विज्ञान माझ्या बाजूने आहे" हे वाक्य दोन्हीकडून येतं. ते आलं की विचारायचं : कुठल्या देशातलं, कुठल्या वयाच्या मुलांबद्दल, कुठल्या उपचाराबद्दल? समुपदेशन, औषधं आणि शस्त्रक्रिया हे तीन वेगळे उपचार आहेत. यातलं काय चाललंय हे न बघता "मुलांना कापतात" किंवा "औषध नाही तर आत्महत्या" अशी टोकं गाठली जातात. दुसरं वाक्य तर टाळाच. वाद जिंकण्यासाठी आत्महत्येचा वापर करणं, मन आधीच खचलेल्या कुणाच्या कानावर पडलं तर धोक्याचं ठरतं.

वाचनाचा उरलेला अर्धा तास दुसऱ्या बाजूचं सगळ्यात चांगलं लिखाण वाचण्यात घालवा. सगळ्यात चिडवणारी पोस्ट उघडू नका. तुम्हाला न पटणाऱ्या मताचा सगळ्यात विचारी माणूस काय म्हणतो, ते शोधा.

तिसरी पायरी : जागा, वेळ, माणसं

ग्रुपवर हा विषय सुरू करू नका. कुणी सुरू केलाच, तर एक ओळ पुरे : "यावर मला बोलायचंय, पण इथे नको. रविवारी भेटू या का?" ग्रुपमध्ये प्रत्येक वाक्याला प्रेक्षक असतात, आणि प्रेक्षकांसमोर माघार घेणं कुणालाच जमत नाही.

दोघंच भेटा, फार तर तिघं. समोरासमोर टेबलावर बसण्यापेक्षा शेजारी शेजारी चालत बोलणं सोपं जातं, म्हणून टेकडी किंवा मैदान चांगलं. पाऊण तास ठरवा आणि तो संपला की खरंच थांबा. दारू नको, लग्नाचा हॉल नको, रात्री अकरानंतर तर नकोच. मित्र परदेशात असेल तर व्हिडिओ कॉल करा, लांबलचक मेसेज पाठवू नका. लिहिलेल्या वाक्यात आवाजातला ओलावा उतरत नाही, आणि रागावलेला माणूस ते सगळ्यात वाईट स्वरात वाचतो.

सुरुवातीचं वाक्य आधी मनात तयार ठेवा. "तुझं मत बदलायला मी आलेलो नाही. तू तिथे कसा पोचलास ते मला समजून घ्यायचंय, आणि माझंही तू ऐकावंस अशी इच्छा आहे." हे मनापासून म्हणता येत नसेल, तर त्या आठवड्यात भेटू नका.

चर्चेतला एक जण स्वतः पारलिंगी असेल, किंवा त्याचं मूल, भावंड पारलिंगी असेल, तर सगळं चित्र बदलतं. तुमच्यासाठी जो मुद्दा आहे तो त्याच्यासाठी घर, नोकरी, रस्त्यावरून चालणं आहे. अशा मित्राला आधी विचारा, की त्याला या विषयावर बोलायचं आहे का. "नाही" हे पूर्ण उत्तर आहे. शस्त्रक्रिया झाली का, शरीर कसं आहे, जुनं नाव काय होतं, असे प्रश्न इतर कुठल्याही मित्राला आपण विचारत नाही, तर त्यालाही विचारू नयेत. त्याने काय लिंगभाव सांगितला हे त्याच्या परवानगीशिवाय तिसऱ्याला, अगदी "सहज" म्हणूनही, सांगायचं नाही. घरी कळलं तर काही मुलांना घर सोडावं लागतं.

चौथी पायरी : एक प्रश्न शेवटपर्यंत नेऊन पाहा

एक खरं प्रकरण घेऊ, म्हणजे पद्धत कळेल. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुक गावच्या ग्रामपंचायत निवडणुकीत एका पारलिंगी व्यक्तीने महिलांसाठी राखीव असलेल्या प्रभागातून अर्ज भरला. छाननीत तो बाद झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये तो अर्ज स्वीकारायला सांगितला. समजा, सुनीताला हा निकाल पटत नाही आणि मंदारला पटतो.

आधी मंदारने सुनीताचं म्हणणं तिच्यापेक्षा चांगलं मांडून दाखवायचं. "म्हणजे तुझं म्हणणं असं, की मुलगी म्हणून वाढताना जे नाकारलं जातं त्याची भरपाई म्हणून बायकांना या जागा मिळाल्या. त्या मिळवायला फार झगडावं लागलं. त्यात कुणालाही घुसता आलं, तर आरक्षणाचा अर्थ राहणार नाही. बरोबर?" सुनीता "हो, हेच" म्हणेपर्यंत मंदारने स्वतःचा मुद्दा काढायचा नाही. ती "जवळपास, पण…" म्हणाली, तर पुन्हा प्रयत्न. मग सुनीताची पाळी : "तुझं म्हणणं असं, की जी व्यक्ती कायम स्त्री म्हणून जगते आणि गाव तिला पुरुषांत धरत नाही, तिला पुरुषांच्या बरोबरीने उभं राहा म्हणणं म्हणजे उभं राहू नको म्हणणं." ही फेरी कंटाळवाणी वाटते, दहा-पंधरा मिनिटं खाते. पण वगळू नका. आपलं म्हणणं समोरच्याला खरोखर कळलंय हे दिसलं, की आवाज आपोआप खाली येतो.

मग तीन गोष्टी वेगळ्या काढा. वस्तुस्थिती काय, मूल्य काय, भीती कशाची. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना पन्नास टक्के आरक्षण आहे, ही वस्तुस्थिती. ती तपासता येते, तिच्यावर भांडायचं कारण नाही. आरक्षण जन्माने आलेल्या अन्यायासाठी की जगण्यात भोगलेल्या अन्यायासाठी, हा मूल्याचा प्रश्न. तो आकड्यांनी सुटत नाही. आणि "उद्या कुणीही पुरुष उठून स्त्री म्हणून अर्ज भरेल" ही भीती. भीतीला "काहीतरीच काय!" हे उत्तर कधीच पुरत नाही. ती टाळायला काय व्यवस्था आहे, हे बघावं लागतं. या प्रकरणात न्यायालयाने, अर्जदाराने आयुष्यभरासाठी स्त्री ही ओळख स्वीकारल्याची नोंद घेतली आणि पुढे संधी बघून पुन्हा पुरुष म्हणवून घेता येणार नाही, असं स्पष्ट केलं. सुनीताला एवढं पुरेसं वाटेल किंवा वाटणार नाही. पण आता दोघं एकाच गोष्टीवर बोलताहेत : खात्री कशाने पटावी? कागदाने, जगण्याने की शरीराने? तासभर "निसर्ग" आणि "मागासलेपणा" यांवर ओरडून इथवर पोचता आलं नसतं.

शेवटी दोघांनी एकमेकांना एकच प्रश्न विचारायचा : "काय दिसलं तर तुझं मत थोडं तरी हलेल?" एकाचंही उत्तर "काहीच नाही" असेल, तर तो मुद्दा सोडून द्या. तिथे चर्चा नाही, फक्त घोषणा आहेत.

खेळांच्या वादालाही हीच पद्धत लागू पडते. पौगंडावस्थेत पुरुषी हार्मोनमुळे उंची, हाडं, स्नायू यांत फरक पडतो, हा वस्तुस्थितीचा भाग. जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने मार्च २०२३ मध्ये, पुरुष म्हणून पौगंडावस्थेतून गेलेल्या पारलिंगी स्त्रियांना महिला गटाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून वगळलं ते याच आधारावर. नंतर उपचारांनी हा फरक किती भरून निघतो, हे खेळागणिक बदलतं. पण ऑलिंपिकचा नियम सोसायटीच्या बॅडमिंटनला लावायचा का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि तुमच्या मित्राच्या आयुष्यात बहुतेक वेळा हा दुसराच येतो.

हाक कशी मारायची

इंग्रजीत हा वाद सर्वनामापुरता असतो. आपल्याकडे तो क्रियापदापर्यंत जातो : "तू आलास" की "तू आलीस", "मी गेलो" की "मी गेले". सवय नसेल तर जीभ अडखळते, हे खरं आहे. बोलताना "तुम्ही आलात", "तुम्ही काय घ्याल" अशी वाक्यं वापरली तर क्रियापदात लिंग येत नाही, त्यामुळे पहिल्या भेटीत संकोच टळतो. जवळच्या मित्राला मात्र एकदम "तुम्ही" म्हटलं तर परकं वाटतं. तिथे सरळ विचारावं, "तुला कसं म्हणू?", आणि सांगेल तसं म्हणावं. चुकलं तर "सॉरी, आलीस" एवढं म्हणून पुढे जायचं. पाच मिनिटं माफी मागत बसलं, तर त्या माणसालाच आपली समजूत काढावी लागते.

तात्त्विक पातळीवर आपल्याला हे पटत नाही, मग तसं का म्हणायचं, असं काही मित्र प्रामाणिकपणे विचारतात. आमचं मत स्पष्ट आहे : समोर बसलेल्या माणसाला त्याने सांगितलेल्या नावाने हाक मारल्याने तुमचा कुठलाही युक्तिवाद कमी होत नाही, आणि न मारल्याने त्याची संध्याकाळ नक्की बिघडते. उलट बाजूलाही एक सांगायचं आहे. प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकाला 'द्वेष्टा' म्हणणं थांबवा. मुलीच्या वसतिगृहाची काळजी करणारी आई आणि तृतीयपंथीयांना मारणारा गुंड यांना एकच शब्द लावला, तर त्या आईला बोलायला फक्त गुंडाचीच बाजू उरते.

कुठे बिघडतं

एका व्हिडिओवरून. कुठेतरी एका व्यक्तीने गुन्हा केला, की तो फॉरवर्ड होतो आणि सगळा समाज आरोपी ठरतो. त्यावर दुसरा त्या समाजावरच्या अत्याचाराचा व्हिडिओ टाकतो. दोन्ही घटना खऱ्या असू शकतात, पण त्यांतून प्रश्न सुटत नाही. चर्चेत फॉरवर्ड आणायचा नाही, हे आधीच ठरवा.

परंपरेच्या वापरानेही बिघडतं. शिखंडी, अर्धनारीनटेश्वर, यल्लमाचे जोगते ही उदाहरणं देऊन "आपल्याकडे हे कायमच मान्य होतं" असं म्हटलं जातं. आपल्या संस्कृतीत या माणसांना जागा होती हे खरं. ती जागा बऱ्याचदा देवळाच्या दारात आणि दौलतीच्या वाटणीबाहेर होती, हेही खरं. अर्धंच सांगितलं, तर उरलेलं अर्धं समोरचा सांगतो आणि मुद्दा पडतो.

आणि "माझा एक तृतीयपंथी मित्र म्हणतो की…" याने. पारलिंगी लोकांतही खेळ, कायदा, शब्द यांवर मतभेद आहेत. एकाच्या मताने सगळ्यांचं मत ठरत नाही.

कधी थांबायचं

आवाज चढला, एकच वाक्य तिसऱ्यांदा आलं, किंवा विषय "तू नेहमीच असा होतास" इथे घसरला, की थांबा. "आज एवढं पुरे, चहा घेऊ" हे वाक्य कुणीही म्हणावं आणि दुसऱ्याने ते मानावं. मतभेद आणि धमकी यांतला फरक मात्र ओळखा. "मला ही व्याख्या पटत नाही" हे मत आहे. "असल्यांना बडवलं पाहिजे", "आमच्या सोसायटीत येऊ देणार नाही" हे मत नाही. त्यावर मैत्रीखातर हसून गप्प बसू नका. "हे मला चालणार नाही" असं तिथल्या तिथे, थोडक्यात म्हणा. बोलण्याने कुणाचं मन फार ढासळलं असेल, तर त्याला एकटं सोडू नका. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

दुसऱ्या दिवशी छोटा मेसेज पाठवा. त्यात नवा मुद्दा किंवा लिंक नको. काल त्याच्याकडून कळलेली एक गोष्ट तेवढी लिहा : "आरक्षण मिळवायला काय झगडावं लागलं ते तू सांगितलंस, तो विचार मी केला नव्हता." काहीच कळलं नसेल, तर "भेटून बरं वाटलं" एवढंच, तेही खरं असेल तरच. दोघांत झालेलं बोलणं ग्रुपवर टाकायचं नाही, स्क्रीनशॉट तर अजिबात नाही. आणि पुढच्या दोन भेटींत हा विषय काढू नका. क्रिकेट, आईवडिलांची औषधं, मुलांची परीक्षा यांवर बोला. त्यानंतर यादीतला दुसरा प्रश्न घ्यायचा की नाही, हे दोघांनी मिळून ठरवा.